हप्त्यावर आणलेला नाताळ



आगमनकाळ सुरू झाला. वेदीवर जांभळे वस्त्र आले, पहिली मेणबत्ती पेटली, गाणाऱ्या मंडळींनी पेटी आणि ढोलकी बाहेर काढली. पण पांढुर्णा आणि सौसरच्या बाजारात नाताळ याच्या कितीतरी आधी येऊन बसलेला असतो. दसऱ्याला लागलेला ‘सेल’ दिवाळीत फुगतो, आणि दिवाळी सरली की पाटीवरची पणती पुसून तिथे सांताक्लॉजची टोपी येते. माल तोच, दुकान तेच, हप्त्याचा फॉर्मही तोच. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, ब्लूटूथ स्पीकर, भिंतभर टीव्ही, आणि आता मुलांच्या तोंडी असलेला गेमचा कन्सोल.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे गोलमाल बोलल्याचा दोष येणार नाही. कर्ज काढून, ख्रिस्तजन्माच्या नावाने घरात आणलेली चैनीची वस्तू ही भेट नव्हे. ते रंगीत कागदात गुंडाळलेले ओझे आहे, आणि ज्याला ते दिले त्याच्याच घरावर ते पडते. याबद्दल आपण मंडळी म्हणून गप्प बसतो, तेव्हा दुकानदाराला आपल्याहून चांगला प्रचारक मिळत नाही.

यंत्राशी आमचे भांडण नाही

काही जण लगेच म्हणतील, ‘हे पाहा, हे वाचतोय तेही मोबाइलवरच.’ खरे आहे. मोबाइल पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. मंडीतला संत्र्याचा आणि कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, मुलांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, नागपूर-पुण्याला कामाला गेलेल्या लेकीचा चेहरा, हे सगळे आज त्याच चौकटीतून येते. हातातले साधन देवाच्या देणगीसारखे वापरता येते, हे कुणीही नाकारणार नाही.

खेळाशीही आमचे वैर नाही. आज जे बाप झाले आहेत, त्यांतल्या अनेकांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळलेला आहे. शेजारची पाच-सहा मुले एका खोलीत, रिमोट एकाच्या हातात आणि बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहत. त्याने कुणी वाया गेले नाही. मुलाने खेळावे, हसावे, हे देवाला आवडतेच. जखऱ्या संदेष्ट्याने नव्या यरुशलेमचे चित्र काढले, तेव्हा रस्त्यांवर खेळणारी मुले-मुली त्यात आवर्जून घातली (जखऱ्या 8:5).

आमचा वाद तीन गोष्टींशी आहे: ती वस्तू कुठल्या पैशाने येते, कुणाच्या नावाने येते, आणि घरात आल्यावर कुणाची जागा घेते.

दोन वर्षांची मजुरी

आधी हिशेब करू. प्लेस्टेशन 5 चे सडपातळ मॉडेल एप्रिल 2024 मध्ये भारतात आले, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत होती 54,990 रुपये. मध्य प्रदेशात 2025-26 साठी रोजगार हमीच्या कामाचा दर ठरला रोज 261 रुपये. 2005 च्या कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. म्हणजे वर्षाचे सगळे दिवस भरले तर 26,100 रुपये, आणि दोन वर्षांचे सगळे दिवस भरले तर 52,200. दोन वर्षे घमेले वाहूनही ते यंत्र हाती येत नाही. आणि यात भाकरीचा, औषधाचा, शाळेचा एक पैसाही धरलेला नाही.

बरे, यंत्र आणून खर्च संपत नाही. नवा मोठा गेम चार-पाच हजारांचा. बहुतेक विकतचे गेम दुसऱ्यांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी वेगळी. चांगले इंटरनेट हवे, मोठा टीव्ही हवा. एक वस्तू दारात आली की ती आपल्या चार बहिणींना बोलावून घेते.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कन्सोल घेणारी घरे किती? बोटांवर मोजण्याइतकी. मान्य. पण पंचवीस-तीस हजारांचा मोबाइल घेणारी घरे बोटांवर मावत नाहीत, आणि त्यातली बरीच घरे अशी आहेत जिथे छपराचे पत्रे बदलायचे आहेत. वस्तू वेगळी, दुखणे तेच.

बहार वर्षाला, हप्ता महिन्याला

आपला भाग संत्र्याचा आणि कापसाचा. आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. कापसाची वेचणीही याच थंडीत. त्यामुळे नाताळच्या सुमारास घरात चार पैसे खुळखुळतात आणि हात सैल होतो. दुकानदाराला हे आपल्याहून चांगले ठाऊक असते.

पण हप्त्याचे गणित शेतीच्या गणिताशी जुळत नाही. बहार वर्षातून एकदा किंवा दोनदा येतो. हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो. गारपीट झाली, फळगळ झाली, व्यापारी विसार देऊन पुन्हा फिरकलाच नाही, तरी हप्ता येतोच. बोरगावच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्यांचेही तेच. ठेका संपतो, हप्ता संपत नाही. खात्यात पैसे नसले की बँकेचा दंड वेगळा आणि कंपनीचा दंड वेगळा.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’, ‘झिरो टक्के व्याज’ या शब्दांना भुलू नका. फुकट कर्ज देणारा सावकार अजून जन्माला यायचा आहे. याची रीत साधारण अशी असते: व्याजाइतकी सूट वस्तूच्या किमतीत दाखवायची आणि तेच व्याज हप्त्यांतून वसूल करायचे. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती हप्तेवाल्याच्या वाट्याला येत नाही. वरून प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी. क्रेडिट कार्डावर घेतले तर व्याजाच्या रकमेवरही जीएसटी. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, आणि व्याज दुसऱ्या नावाखाली लपवून ग्राहकाला फसवू नये. तेव्हापासून पाटीवरचे शब्द बदलले, इतकेच.

पवित्र शास्त्र याबद्दल आडपडदा ठेवत नाही. कर्ज घेणारा हा देणाऱ्याचा दास होतो, असे नीतिसूत्रे सांगतात (22:7). एकमेकांवरील प्रीतीखेरीज दुसरे कसले देणे शिल्लक ठेवू नका, असे पौल रोमच्या मंडळीला लिहितो (रोम 13:8). बी-बियाणे, आजारपण, मुलीची फी, यांसाठी कर्ज काढावे लागते. गरिबाला त्यात लाज कसली? पण आपल्याला मुक्त करायला आलेल्याच्या वाढदिवशी आपण स्वखुशीने कागदावर सही करून दास व्हावे, याला काय म्हणायचे?

दोन पारव्यांची गोष्ट

इथे एक गोष्ट आठवावी, जी नाताळच्या नाटकांत सहसा दाखवत नाहीत. येशू बाळाला घेऊन मरिया आणि योसेफ मंदिरात गेले, तेव्हा त्यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले अर्पण करण्याचा नियम पाळला (लूक 2:24). लेवीयचे बारावे प्रकरण उघडून पाहा. मूळ अर्पण कोकराचे होते. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पक्षी आणावे, अशी गरिबांसाठी सोय होती.

म्हणजे ज्याच्या जन्माचा आपण सण करतो, त्याच्या आईबापांना कोकरू परवडत नव्हते. त्यांनी जे परवडते ते आणले आणि ताठ मानेने मंदिरात गेले. ‘लोक काय म्हणतील, पहिलाच मुलगा आहे’ असे म्हणून त्यांनी कोकराच्या मागे धावल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. दोन पारव्यांनी देवाचा मान कमी झाला नाही. तर मग आपल्या घरी यंदा नवा मोबाइल आला नाही, म्हणून कुणाचा मान कमी होणार आहे?

भेट कशाला म्हणायचे?

सांताक्लॉजच्या नावाने हा सगळा व्यापार चालतो, म्हणून त्याचीही साक्ष काढू. त्या लाल टोपीच्या मागे चौथ्या शतकातला एक खरा बिशप आहे, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा नगरीचा संत निकोलस. त्याचा सण 6 डिसेंबरला. त्याच्याविषयीची जुनी कथा अशी: एका गरीब बापाला तीन मुली होत्या, लग्नाला पैसा नव्हता, मुली विकल्या जायची वेळ आली होती. निकोलसने रात्रीच्या अंधारात, कुणाला कळू न देता, सोन्याच्या तीन थैल्या त्या घरात टाकल्या.

आता ही कथा आणि आपली रीत शेजारी ठेवून पाहा. निकोलसच्या भेटीने एका बापाच्या डोक्यावरचे ओझे उतरले; आपल्या भेटीने बापाच्या डोक्यावर ओझे चढते. त्याने रात्री लपून दिले. आपण खोका फोडण्याआधी त्याचा फोटो स्टेटसवर टाकतो. त्याने परक्याच्या लेकींना दिले. आपण आपल्यातच देतो आणि आपल्यातच घेतो. ज्याच्या नावाने दुकान चालते, त्या संताला त्या दुकानात बहुधा कुणी उभेही करणार नाही.

आपल्याच मराठी ख्रिस्ती इतिहासातली एक भेट पाहा. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. त्या लहानशा पुस्तकाची किंमत ती काय असणार? पण ते वाचता वाचता टिळक बदलले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज मराठी मंडळ्यांत त्यांची गाणी नसलेला रविवार विरळा. आणि 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या, उपाशी, निराधार मुलींना आणि बायांना सोबत घेऊन गेल्या, आणि केडगावला त्यांना घर मिळाले. आपला छिंदवाडा भाग तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. भेट म्हणजे काय ते आपल्या पूर्वजांना जाहिरातीवाल्याकडून शिकावे लागले नाही.

मुलाच्या हातातून काय जाते?

आता मुलांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे. लक्षणे साधी आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे. हे साधारण वर्षभर चालले तर त्याला आजार म्हणतात. खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, बहुतेक नसतातच. पण आजचे अनेक गेम जुन्या कॅसेटसारखे संपत नाहीत. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान, हत्यार हवे तर पैसे, अंगरखा हवा तर पैसे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली, ते बरेच झाले. पण गेममधला कपडा विकत घेऊ नकोस, असा कायदा कुणी करणार नाही. ते आईबापांनाच करायचे आहे.

आणि खरे दुखणे असे की यंत्र मुलाला हवे असते त्याहून जास्त ते आपल्याला हवे असते. मूल गप्प बसावे म्हणून. संध्याकाळी बाप बाजारातून येतो, आई शेतातून येते, दोघेही थकलेले. मुलाच्या हातात मोबाइल दिला की घरात शांतता. त्या शांततेची किंमत हप्त्याच्या पावतीवर छापलेली नसते. कुटुंबप्रार्थना आधी आठवड्यातून एकदा होते, मग सणासुदीला, मग फादर घरी आले तर. आजी बायबल उघडून बसते आणि तिच्या शेजारी चार डोकी चार पडद्यांत.

ज्या सोन्याच्या वासराला इस्राएल लोक नाचले, ते त्यांच्याच कानातल्या दागिन्यांचे होते (निर्गम 32). कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्यांनी आपणहून काढून दिले. मूर्ती बहुधा अशीच बनते, आपल्याच हातच्या पैशाने आणि हौसेने.

येणारे आक्षेप

‘लेकरांचे मन मोडायचे का?’ मन मोडू नका. पण मुलाला ‘नाही’ ऐकायची सवय आईबापांनी लावली नाही, तर पुढे जग लावते, आणि जग प्रेमाने लावत नाही. ‘यंदा जमत नाही, आणि का जमत नाही ते तुला सांगतो’ असे म्हणून मुलाला जवळ बसवून घरचा हिशेब दाखवणारा बाप मुलाला मोबाइलपेक्षा मोठी गोष्ट देतो. विश्वासात घेतलेले मूल लवकर शहाणे होते.

‘आमची मुले शहरातल्या मुलांच्या मागे पडतील.’ कशात मागे पडतील? इंजिनिअर व्हायला कन्सोल लागत नाही. अभ्यासाला मोबाइल लागतो, पण तो मागच्या वर्षीचाही चालतो. दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बॅटरी बदलून घ्या, तो तुमच्याच गावचा आहे, त्याचीही चूल पेटेल.

‘आता टीव्हीवरचा कर कमी झाला.’ हो, 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. वस्तू स्वस्त झाली म्हणून तिची गरज जन्माला येत नाही. न घेतलेल्या टीव्हीवर शंभर टक्के सूट असते.

‘आम्ही रोखीने घेतो, पैसा आमचा.’ हा आक्षेप सर्वांत जड आहे, म्हणून नीट उत्तर देतो. पैसा तुमचा, हे कायद्याने खरे. पण तुमच्या बागेतली संत्री तोडणाऱ्याचे मूल रविवारशाळेत तुमच्या मुलाच्याच बाकावर बसते. श्रीमंत माणसाने लाजाराला मारले नव्हते, शिवीही दिली नव्हती. तो फक्त दारात पडला होता आणि श्रीमंताला दिसत नव्हता (लूक 16). बाप्तिस्मा करणारा योहान याच आगमनकाळात आपल्याला भेटतो, आणि ‘आम्ही काय करावे’ या प्रश्नाला त्याचे उत्तर अगदी घरगुती आहे: दोन अंगरखे असतील तर ज्याला एकही नाही त्याला एक द्या (लूक 3:11). त्याने रोख की उधार, हे विचारले नाही.

शिवाय त्या वस्तूचा पैसा तुमचा असला तरी तिच्यातली माती तुमची नाही. बॅटरीत वापरला जाणारा निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून निघतो, आणि तिथल्या अनेक खाणींत माणसे हातांनी खणतात, मुलेही. वापरून फेकलेल्या यंत्रांचा जगातला कचरा 2022 या एका वर्षात 6.2 कोटी टन झाला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आला नाही. देवाने निर्माण केलेली पृथ्वी आपण दर नाताळला थोडी थोडी उकिरड्यावर टाकतो.

मंडळीनेही आपले अंगण झाडावे

हे सगळे घरांनाच ऐकवून भागणार नाही. नाताळच्या कार्यक्रमात लकी ड्रॉ ठेवायचा आणि पहिले बक्षीस मोबाइल लावायचे, तिकिटे मुलांनी विकायची. हे आपल्याच मंडळ्यांत चालते. वेदीवरून लोभाविरुद्ध उपदेश आणि मांडवात लोभाची सोडत! नाताळच्या कमिटीच्या बैठकीत स्पीकर किती मोठा आणि पडदा किती फुटांचा, यावर तासभर चर्चा होते. ज्या विधवेच्या घरी यंदा करंज्या तळल्या जाणार नाहीत, तिचे नाव पाच मिनिटेही निघत नाही. आपण या दोन तालुक्यांत मूठभर आहोत. शेजारी आपल्याला पाहतात. त्यांना आपल्या नाताळात फक्त आणखी एक सेल दिसला, तर ख्रिस्त कुठे दिसणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. यंदा नाताळाच्या निमित्ताने हप्त्यावर काहीही घेऊ नये. आगमनकाळातल्या एका संध्याकाळी नवरा-बायकोने मुलांसमक्ष घरचे देणे कागदावर लिहावे आणि त्यावर प्रार्थना करावी. ज्यांच्या शेतात, बागेत मजूर आहेत, त्यांनी वेचणीची आणि तोडणीची मजुरी 24 तारखेच्या आत चुकती करावी. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःपाशी ठेवू नका, अशी देवाची आज्ञाच आहे (लेवीय 19:13). घरात जास्तीचा चालू मोबाइल असेल तर तो पुसून, स्वच्छ करून कॉलेजच्या एखाद्या गरजू मुलाला द्यावा, आणि देताना फोटो काढू नये. ज्यांच्याकडे गेम आहे त्यांनी नाताळच्या आठवड्यात तो शेजारच्या मुलांसाठी उघडावा, पाळीपाळीने, जुन्या कॅसेटच्या दिवसांसारखा. मंडळीने लकी ड्रॉ बंद करून त्या दिवशी मुलांकडून गव्हाणी बनवून घ्यावी, मातीची, तणसाची, त्यांच्या हातची.

जे अन्न नाही त्यासाठी पैका का मोजता, असा प्रश्न यशया संदेष्ट्याने फार पूर्वी विचारला, आणि त्याच ठिकाणी पैशाशिवाय, मोलाशिवाय मिळणाऱ्या मेजवानीचे आमंत्रणही दिले (यशया 55). ते आमंत्रण अजून उघडे आहे. 24 च्या रात्री गव्हाणीपुढे गुडघे टेकताना आपले हात रिकामे असले तर चालतील. तिथे जो निजला आहे तो घ्यायला नाही, द्यायला आला आहे.

प्रभू आपल्या घरांना कर्जापासून, हव्यासापासून आणि एकमेकांना विसरण्यापासून राखो. आमेन.